शाळा पाडलीत, आता तिच्या दप्तराचा हिशोब द्या

प्रति,
मा. मुख्याधिकारी आणि नगरपरिषदेचे सर्व पदाधिकारी

विषय: पाडलेल्या प्राथमिक शाळेचे दप्तर, छायाचित्रे आणि नागरिकांना दिलेली आश्वासने

महोदय,

आपल्या कार्यालयापासून चालत पाच मिनिटांवर निळ्या पत्र्यांनी वेढलेला एक भूखंड आहे. आपली गाडी रोज त्याच्यावरूनच जाते, त्यामुळे तो कोणता हे मी सांगायला नको. मे २०२२ पर्यंत तिथे नगरपरिषदेची प्राथमिक शाळा उभी होती. कागदोपत्री तिला क्रमांक होता. गावासाठी ती मोठी मराठी शाळा होती. १९७१ साली मी तिथे पहिलीत दाखल झाले. माझी आई माझ्या आधी त्याच वर्गांत बसली होती. पण हे पत्र मी आठवणी काढण्यासाठी लिहीत नाही. या गावात घरपट्टी भरणारी एक नागरिक म्हणून लिहिते आहे. आपल्या कार्यालयाने आम्हाला काही शब्द दिले होते. ते पाळले गेलेले नाहीत, आणि का पाळले गेले नाहीत हे आम्हाला कोणी सांगतही नाही.

शाळा पाडण्याआधी तिच्याच पटांगणात नागरिकांची बैठक झाली होती. त्या बैठकीत नगरपरिषदेच्या वतीने तीन गोष्टी जाहीरपणे सांगण्यात आल्या. याच जागेवर नवी इमारत उभी राहील आणि जून २०२४ मध्ये तिथे शाळा भरेल, ही पहिली. शाळेचे जुने दप्तर आणि कार्यालयातली छायाचित्रे सुरक्षित ठिकाणी हलवून त्यांचे स्कॅनिंग केले जाईल, ही दुसरी. जुन्या इमारतीचा घडीव दगड, सागवान आणि दर्शनी कमान नव्या बांधकामात वापरली जाईल, ही तिसरी. हे ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बैठकीचे इतिवृत्त आपल्याकडे असणारच. ते उघडून पाहावे आणि यातले कोणते काम सुरू तरी झाले आहे, ते सांगावे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, खुर्चीवरची माणसे बदलतात, हे आम्हाला कळते. पण शब्द कार्यालयाने दिला होता, आणि कार्यालय जागेवरच आहे.

इमारत धोकादायक होती, असे आपले म्हणणे. मुलांच्या डोक्यावर पडके छप्पर असावे, असे कोणताही पालक म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. माझा प्रश्न तो निर्णय कसा झाला, हा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद झाली. मुले चार दिवसांची सुट्टी समजून घरी गेली. राज्यातल्या शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आमच्या मुलांना दुसरीकडे बसायला सांगण्यात आले. मधल्या काळात स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याचे कळले, पण तो अहवाल आजवर कोणी पाहिलेला नाही. नेमकी कोणती भिंत खचली होती? दुरुस्तीचा खर्च किती काढला होता? तो कोणी काढला? पाडण्याचा ठराव झाला तेव्हा सभागृहाची मुदत संपलेली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. म्हणजे ज्या शाळेत गावाच्या चार पिढ्या शिकल्या, ती पाडायची की नाही यावर लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाचे मत घेतले गेले नाही. हे योग्य झाले, असे आपल्याला वाटते का?

पाडले काय गेले, हेही एकदा नीट लिहून ठेवायला हवे. आपल्या फाईलमध्ये ते फक्त ‘जीर्ण बांधकाम’ आहे. काळ्या घडीव दगडाचे जोते, त्यावर वीटकाम, सागवानी तुळया, मंगळुरी कौले आणि तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला, तेव्हापासून ही वास्तू गावाने आपल्या करातून सांभाळली. १९७२ च्या दुष्काळात याच व्हरांड्यात सुकडी वाटली जायची. देवीची लस इथेच टोचली गेली. नदीला पूर आला की खालच्या आळीची बिऱ्हाडे इथे मुक्कामाला यायची. निवडणुकीत मतदान केंद्र इथेच असायचे. गावातल्या सगळ्या जातींच्या माणसांनी ज्या एका उंबऱ्याच्या आत हक्काने पाऊल ठेवले, असा उंबरा गावात दुसरा नव्हता.

आता छायाचित्रांविषयी. ही मागणी आपल्या कार्यालयात हसण्यावारी नेली जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर ओळीने फ्रेम लावलेल्या होत्या. दरवर्षी परीक्षा झाल्यावर चौथीच्या वर्गाचा फोटो निघायचा, त्याची एक प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवून शाळेत लागायची. मध्ये खुर्च्यांवर गुरुजी आणि बाई, मागे बाकांवर उभी असलेली मुले, पुढे मांडी घालून बसलेल्या मुली, कडेला हात बांधून उभा असलेला शिपाई. पहिल्या रांगेतल्या मुलाच्या हातात पाटी आणि तिच्यावर खडूने लिहिलेले इयत्ता आणि साल. सुरुवातीच्या फ्रेममध्ये मुलांच्या डोक्यावर टोप्या होत्या आणि मुली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे टोप्या गेल्या, मुलींची रांग लांब होत गेली, अनवाणी पायांत हळूहळू चपला आल्या. त्या भिंतीसमोर उभे राहिले की गाव कसे बदलत गेले ते कोणालाही दिसत असे.

त्या फ्रेममध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपण समजून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्गाचा फोटो प्रत्येक मुलाचा निघायचा, पण त्याची प्रत विकत घ्यावी लागायची. ज्यांना परवडे त्यांनी ती घेतली. ती आजही त्यांच्या कपाटात आहे. मजुरी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, दुसऱ्याच्या गोठ्यात राबणाऱ्या घरांतल्या मुलांनी ती घेतली नाही. त्या काळी अशा घरांत स्टुडिओत जाऊन फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे त्या मुलांच्या बालपणाचे जगातले एकमेव छायाचित्र शाळेच्या भिंतीवर होते. आमच्या वर्गातली एक मैत्रीण आज नातवंडांची आजी आहे. मी लहानपणी कशी दिसायचे हे मला दाखवता येत नाही, असे ती म्हणते. ती त्या भिंतीवर होती, दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. ती फ्रेम आता कुठे आहे? आपल्या कार्यालयातला कोणता अधिकारी तिच्यासमोर उभा राहून ‘आढळून येत नाही’ असे सांगणार आहे?

कारण आम्हाला मिळालेले उत्तर तेच आहे. माहितीच्या अधिकारात शाळेचे दप्तर आणि छायाचित्रे कुठे आहेत, असे विचारले. शिक्षण विभागाने सांगितले, साहित्य बांधकाम विभागाच्या ताब्यात दिले. बांधकाम विभागाने सांगितले, आमच्याकडे फक्त इमारत आली, साहित्य आले नाही. अभिलेख कक्षाचे उत्तर एका ओळीचे होते: सदर माहिती आढळून येत नाही. तिन्ही उत्तरे एकाच इमारतीतून आलेली आहेत आणि तिन्ही खरी असू शकत नाहीत. शाळा रिकामी केली तेव्हा पंचनामा झाला का? डेडस्टॉक रजिस्टरात बाक, टेबले आणि घड्याळापर्यंत सगळ्याची नोंद असते. मग त्या रजिस्टराप्रमाणे वस्तू कोणी मोजून दिल्या आणि कोणी मोजून घेतल्या? निदान ते डेडस्टॉक रजिस्टर तरी आपल्याकडे आहे का?

छायाचित्रांना आपण भावनेचा विषय म्हणाल. मग जनरल रजिस्टराला काय म्हणाल? शाळेतल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जात आणि गाव त्यात लिहिलेले असते. ते कायमस्वरूपी जतन करायचे दप्तर आहे, हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक असते. सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाने प्रवेश घेतला. रजिस्टरात ती नोंद १९१४ क्रमांकावर आहे, आणि ते पान सांभाळले गेले म्हणून आज महाराष्ट्र ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. ज्या कारकुनाने ते नाव लिहिले, त्याला पुढे काय होणार हे माहीत नव्हते. आमच्या शाळेच्या रजिस्टरांत कोणाकोणाची नावे होती, हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे?

आणि इतिहास बाजूला ठेवला तरी आजची गरज आपल्यासमोर रांगेत उभी आहे. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत, आणि त्यांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. ज्या घराकडे सातबारा नाही, ज्यांचे खरेदीखत कधी झालेच नाही, त्यांच्याकडे असा पुरावा एकच असतो: शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ. २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, त्यात जुन्या शाळांची रजिस्टरेही उघडली गेली. एकीकडे शासन जुनी मोडी पाने वाचायला माणसे नेमते, आणि दुसरीकडे आपल्या ताब्यातली रजिस्टरे सापडत नाहीत. ज्या मुलांची वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची जागा या एका उताऱ्यासाठी अडेल, त्यांच्या नुकसानीची जबाबदारी कोणाची?

कायदा आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे सरकारी आणि स्थानिक संस्थांचे अभिलेख मनाला येईल तसे नष्ट करता येत नाहीत, आणि तसे करणे शिक्षेला पात्र आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अभिलेखांची सूची करून ते नीट लावून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही गरज नाही. दप्तर गहाळ झाले असेल तर जबाबदार कोण, हे ठरवून गुन्हा नोंदवायला हवा होता. नोंदवला का? गहाळ झाले नसेल तर ते कुठे आहे, हे सांगायला एवढा विलंब का?

इमारतीच्या मालाचेही तसेच. त्या तुळयांचे सागवान आज बाजारात काय भावाने जाते, हे कोणताही सुतार सांगेल. घडीव दगड तर आता कोणी घडवून देत नाही. हा माल नगरपरिषदेचा, म्हणजे गावाचा होता. त्याचा लिलाव झाला असेल तर जाहिरात कुठे दिली होती, बोली किती आली आणि पैसे कोणत्या शीर्षाखाली जमा झाले? लिलाव झाला नसेल तर माल कोणत्या गोदामात आहे? दर्शनी कमान जपून ठेवू, असे आपणच म्हणाला होता. पाडकामाच्या दिवशी ती डंपरमध्ये चढताना अर्ध्या गावाने पाहिली. डंपर कुठे रिकामा झाला, ते कोणालाच माहीत नाही.

सर्वांत मोठी किंमत मुले मोजत आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. आमच्या आळीतल्या मुलांना आता राज्यमार्ग ओलांडून दुसऱ्या शाळेत जावे लागते. तिथल्या वर्गखोल्या अपुऱ्या, म्हणून एक सत्र सकाळी आणि एक दुपारी. कामाला जाणाऱ्या आयांना दुपारच्या सत्रातल्या मुलीला रस्ता ओलांडून द्यायला कोणी नसते. ज्यांना झेपले त्यांनी मुले इंग्रजी शाळेत घातली, ज्यांना झेपले नाही त्यांच्या मुली घरी राहू लागल्या. आता आपण म्हणता, पट कमी झाला, मग नवी इमारत कशाला? सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची कल्पना शिक्षण खात्याने पुढे केली, तेव्हापासून या प्रश्नाला आणखी धार आली आहे. पण आधी शाळा पाडायची, मुले पांगवायची आणि मग पट मोजायचा, या हिशोबाने राज्यातली कोणती शाळा टिकेल?

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याच्याही पूर्वी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगासमोर सरकारचा पैसा आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, अशी मागणी केली होती. या दोघांची तैलचित्रे आपल्या सभागृहात लावलेली आहेत आणि जयंतीला आपण त्यांना हार घालता. शाहू महाराजांनी पालकांना दंड केला. शाळाच हिरावून घेणाऱ्या कार्यालयाला काय दंड असावा, हे आपणच सांगा.

भूखंडाबद्दल गावात वेगळीच चर्चा आहे. तिथे व्यापारी संकुल होणार आणि गाळ्यांसाठी आतापासून नावे घेतली जात आहेत, असे बोलले जाते. आपण याचा इन्कारही केलेला नाही. विकास आराखड्यात त्या जागेवर प्राथमिक शाळेचे आरक्षण आहे. ते बदलायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. असा प्रस्ताव आपण तयार केला आहे का? हो किंवा नाही, एवढेच उत्तर हवे आहे.

पुण्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची पहिली शाळा भरवली, तो भिडे वाडा अनेक वर्षे पडक्या अवस्थेत उभा होता. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये वाडा उतरवला गेला, कारण तिथे राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले. शाळेची जागा जपण्यासारखी असते हे शासनाला मान्य आहे, एवढे यातून नक्की दिसते. आमची शाळा देशाच्या इतिहासात नाही. पण भिडे वाड्यात जे सुरू झाले ते महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचले, ते अशाच शाळांतून. त्यांच्यासाठी आम्ही स्मारक मागत नाही. मुलांसाठी शाळा हवी, आणि दप्तर परत हवे.

आपण जे करायला हवे होते, त्यातले थोडे आम्ही करायला घेतले आहे. घराघरांतून वर्गांचे फोटो गोळा होत आहेत. वाळवी लागलेले, ओल धरलेले, कडा झिजलेले. बाजारपेठेतल्या जुन्या फोटो स्टुडिओच्या वारसांनी पेटीतल्या काचेच्या निगेटिव्ह उघडून दिल्या. निवृत्त बाई दर रविवारी बसून चेहऱ्यांवर बोट ठेवतात आणि नावे सांगतात; आम्ही ती लिहून घेतो. ज्यांनी त्या काळी प्रत घेतली नव्हती, अशी माणसेही आता येतात आणि दुसऱ्याच्या फोटोत स्वतःला शोधतात. काहींना चेहरा सापडतो. काहींच्या वर्षाचा फोटो कोणाच्याच घरी नाही. तो फक्त शाळेत होता. हे सगळे करताना आम्ही कोणाकडे निधी मागितलेला नाही. नगरपरिषदेने फक्त आपल्या ताब्यात असलेले परत द्यायचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

१. शाळेची सर्व जनरल रजिस्टरे, हजेरीपट आणि कार्यालयातली छायाचित्रे सध्या कुठे आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहेत, हे लेखी कळवावे. मिळतील ती स्कॅन करून नागरिकांना पाहण्यासाठी खुली करावीत.

२. जे दप्तर गहाळ आहे त्याची यादी जाहीर करून जबाबदारी निश्चित करावी आणि पोलिसांत तक्रार द्यावी.

३. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, पाडण्याचा ठराव, पंचनामा आणि मालाच्या विल्हेवाटीची कागदपत्रे प्रसिद्ध करावीत.

४. भूखंडावरचे शाळेचे आरक्षण कायम राहील, असे लेखी द्यावे आणि नव्या इमारतीचे अंदाजपत्रक व कामाचे वेळापत्रक सांगावे.

५. तोवर राज्यमार्ग ओलांडणाऱ्या मुलांसाठी शाळेच्या दोन्ही वेळांना माणूस नेमावा. हे काम उद्या सकाळपासूनही होऊ शकते.

यासाठी तीस दिवस पुरेसे आहेत. त्यानंतर आम्ही राज्य माहिती आयोगाकडे जाऊ, अभिलेख अधिनियमाखाली तक्रार करू आणि आरक्षण बदलण्याची नोटीस निघालीच, तर गावातल्या प्रत्येक घरातून एक हरकत दाखल होईल याची व्यवस्था करू. तिचा नमुना लिहून तयार आहे.

आपले उत्तर मला खाजगीत नको. ते नगरपरिषदेच्या सूचना फलकावर, सही-शिक्क्यानिशी लावावे. ज्यांची नावे त्या रजिस्टरांत लिहिलेली होती, ती माणसे ते वाचायला येतील. त्यांना वाचता येते, कारण ती त्याच शाळेत शिकली आहेत.

आपली,
एक नागरिक आणि त्या शाळेची माजी विद्यार्थिनी